प्रेक्षकाचा वांटा

सामना पाहून घरीं परतणाऱ्या माणसांचें बोलणें कोणीं लक्ष देऊन ऐकलें असेल, तर त्याला त्यांत व्याकरणाची एक गंमत आढळून आली असेल. जिंकल्याच्या दिवशीं जो तो ‘आपण जिंकलों’ असें म्हणतो. हरल्याच्या दिवशीं मात्र तोच मनुष्य ‘ते हरले’ असें म्हणतो. ज्यानें दिवसभर बांकावर बसून शेंगदाणे खाण्यापलीकडे शरीराला कांहीं श्रम दिले नाहींत, तो विजयाच्या क्षणीं प्रथमपुरुषी होतो आणि पराभवाच्या क्षणीं हळूच तृतीयपुरुषांत जाऊन उभा राहतो. १९७६ सालीं रॉबर्ट सिआल्डिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या बोलण्याचें निरीक्षण करून हीच गोष्ट शास्त्रीय रीतीनें नोंदवून ठेविली. पण ती कळण्यास शास्त्रज्ञच हवा असें नाहीं. आपापल्या दिवाणखान्यांत ती कोणालाहि ऐकूं येईल.

या लबाडीला आपण हंसतों आणि सोडून देतों. परंतु तिच्या पोटांत एक खरा नैतिक प्रश्न दडलेला आहे, असें मला वाटतें. प्रेक्षकाचा विजयांत खरोखरच कांहीं वांटा असतो काय? असल्यास तो कोणत्या वाटेनें त्याच्याकडे चालत येतो, आणि ती वाट सचोटीची असते काय? हा प्रश्न माझ्यापुरता तरी केवळ तर्काचा नाहीं. त्याचें कारण पुढें ओघानें सांगेन.

घरच्या मैदानावर खेळणारा संघ पाहुण्या संघापेक्षां अधिक वेळां जिंकतो, ही गोष्ट आतां वादाची राहिलेली नाहीं. १९७७ सालीं बॅरी श्वार्ट्झ व स्टीफन बार्स्की या दोन समाजशास्त्रज्ञांनीं अमेरिकेंतील निरनिराळ्या खेळांचे निकाल तपासून असें दाखविलें कीं, हा लाभ सर्व खेळांत आढळतो, पण सारख्या प्रमाणांत आढळत नाहीं. बेसबॉलमध्यें तो थोडा, तर छपराखालच्या, प्रेक्षकांनीं चारी बाजूंनीं कोंडलेल्या खेळांत तो पुष्कळ अधिक. त्याचीं कित्येक कारणें अगदीं साधीं आहेत. पाहुण्याला प्रवासाचा शीण असतो; परक्या गांवचें अन्नपाणी व अंथरूण असतें; वारा कोठून वाहतो आणि चेंडू कोठें उसळतो हें यजमानाला पाठ असतें. क्रिकेटमध्यें तर खेळपट्टीच यजमानाच्या माणसाच्या हातची. आपल्याकडे ती फिरकीला धार्जिणी निघावी आणि इंग्लंडांत तिच्यावर हिरवळ राहावी, यांत योगायोगाचा भाग फारच थोडा. या सर्व कारणांच्या रांगेंत प्रेक्षकांचा आवाज हेंहि एक कारण उभें आहे. पण तें निराळें काढून मोजावें कसें? आमटींतलें मीठ बाहेर काढून जोखण्यासारखेंच तें काम.

तो प्रयोग कोणत्याहि शास्त्रज्ञाला करतां आला नसता. तो २०२० सालच्या महामारीनें केला. त्या वर्षीं १६ मे या दिवशीं जर्मनीची फुटबॉल-स्पर्धा पुन्हां सुरू झाली, ती रिकाम्या मैदानांवर. पहिल्याच दिवशीं डॉर्टमुंड व शाल्के या हाडवैरी शेजाऱ्यांचा सामना होता. डॉर्टमुंडच्या मैदानाच्या दक्षिण अंगाला सुमारें पंचवीस हजार माणसें उभीं राहतील एवढा एकच सज्जा आहे. पिंवळ्या रंगाची ती भिंत पाहून पाहुण्यांचा थरकाप होतो, अशी त्याची ख्याति. त्या दिवशीं तेथें चिटपाखरूंहि नव्हतें. खेळाडूंच्या हांका आणि चेंडूला बसलेल्या लाथेचा आवाज घरोघरीं स्पष्ट ऐकूं येत होता. आणि तरीहि यजमानांनीं तो सामना चार विरुद्ध शून्य असा जिंकला! एका सामन्यावरून सिद्धान्त बांधणाऱ्यांना ती पहिल्याच दिवशीं मिळालेली समज होती.

परंतु सामने वाढत गेले तसें चित्र पालटलें. त्या मोसमांत प्रेक्षक असतांना यजमान शंभरांतील सुमारें त्रेचाळीस सामने जिंकत. प्रेक्षक गेल्यावर हें प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आलें. इंग्लंडांत २०२०–२१ च्या मोसमांतील जवळजवळ सर्व सामने रिकाम्या मैदानावर झाले. ३८० पैकीं १४४ सामने यजमानांनीं जिंकले आणि १५३ पाहुण्यांनीं. पहिल्या श्रेणीच्या संपूर्ण इतिहासांत पाहुण्यांची सरशी झाल्याचा तो पहिलाच मोसम. लिव्हरपूलचा संघ आपल्या अ‍ॅनफील्डच्या मैदानावर स्पर्धेचे ६८ सामने अपराजित राहिला होता. तोच जानेवारी ते मार्च २०२१ या अवधींत त्याच मैदानावर ओळीनें सहा सामने हरला. येथें उतावळेपणा नको. त्याचे कांहीं मोहरे जायबंदी झाले होते, आणि प्रेक्षक गेल्यानंतरहि कित्येक महिने तो तेथें अजिंक्यच होता. पण सर्व हिशेब जमेस धरूनहि एवढें म्हणतां येतें कीं, प्रेक्षकांच्या आवाजांत कांहीं तरी शक्ति आहे. आमटींत मीठ होतें. तें काढल्यावर कळलें.

मग ही शक्ति चालते कशी? तिच्या तीन वाटा संभवतात. एक, ती आपल्या खेळाडूंना चढवीत असेल. दोन, ती पाहुण्याला खचवीत असेल. तीन, ती तिसऱ्याच कोणावर तरी चालत असेल. बहुतेक प्रेक्षक पहिल्या वाटेवर विश्वास ठेवून घसा कोरडा करितात.

या पहिल्या वाटेसंबंधीं मानसशास्त्राचें म्हणणें मोठें सावध आहे. १८९८ सालीं नॉर्मन ट्रिप्लेट यानें दाखविलें कीं, सायकलस्वार एकटा असण्यापेक्षां सोबतीला दुसरा असला म्हणजे अधिक वेगानें जातो. पुढें १९६५ सालीं रॉबर्ट झायन्स यानें त्यांतील मर्म सांगितलें: पाहणारे असले म्हणजे अंगवळणीं पडलेलें काम अधिक चांगलें होतें, पण जें अजून अंगवळणीं पडलेलें नाहीं तें अधिक बिघडतें. हें सत्य आपल्याकडील कोणत्याहि गवयाच्या नव्या शिष्याला ठाऊक आहे. घरीं सुरेल लागणारा षड्ज मैफलींत कांपतो. तेव्हां प्रेक्षकांची आरोळी ही केवळ पाठीवरची थाप नव्हे. ती खांद्यावरचें ओझेंहि होऊं शकते.

याचें सर्वांत दारुण उदाहरण म्हणजे १६ जुलै १९५० या दिवशीं रिओ द जानेरो येथील माराकाना मैदानावर झालेला विश्वचषकाचा अखेरचा सामना. ब्राझीलला बरोबरीहि पुरेशी होती. तिकीट काढून आलेले प्रेक्षकच १,७३,८५० होते; प्रत्यक्षांत आंत शिरलेलीं माणसें दोन लाखांच्या घरांत असावींत. उत्तरार्धाच्या आरंभींच फ्रिआसानें गोल केला आणि सारें शहर विजयी झालें. पण उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ व्हारेला हा त्या आरोळीनें बिचकला नाहीं. शियाफिनोनें बरोबरी साधली, ७९ व्या मिनिटाला गिजियानें दुसरा गोल केला, आणि दोन लाख माणसें एका क्षणांत मुकीं झालीं. जगांतील सर्वांत मोठा आवाज पाठीशीं असतांना यजमान हरले; किंबहुना तो आवाज पाठीशीं होता म्हणूनच त्यांचे पाय जड झाले नसतील, असें छातीठोकपणें कोण म्हणेल?

दुसरी वाट पाहुण्याचा तेजोभंग करण्याची. ही आपल्याला महाभारतापासून परिचित आहे. शल्य कर्णाचा सारथि झाला तो त्याचे घोडे हांकण्यासाठीं खरा. पण युधिष्ठिराला दिलेल्या वचनाप्रमाणें रथावर बसल्याबसल्या त्यानें कर्णाला टोंचून बोलण्याचें व्रत चालविलें. शस्त्र न उचलतां केलेला हा प्रहार युद्धाच्या नियमांत बसतो कीं नाहीं, याचा खल आपल्या पूर्वजांनीं पुष्कळ केला. मैदानावर चाळीस हजार शल्य एकदम बोलत असतात, एवढाच फरक. परंतु ज्याचें तेज पक्कें असतें त्याला हें टोंचणें उलट पथ्यावर पडतें. १९ नोव्हेंबर २०२३ रोजीं अहमदाबाद येथें विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्याच्या आदल्या दिवशीं ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पॅट कमिन्स असें म्हणाला होता कीं, एवढी मोठी गर्दी गप्प झालेली ऐकण्यासारखें समाधान खेळांत दुसरें नाहीं. दुसऱ्या दिवशीं ९२ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर त्यानें कोहलीचा त्रिफळा उडविला आणि तें समाधान मिळविलें. आमची आरोळीच त्याच्या बक्षिसाचें माप झाली होती.

एवंच, पहिल्या दोन्ही वाटा दुटप्पी आहेत; त्या कधीं यजमानाच्या उपयोगीं पडतात, कधीं त्याच्यावरच उलटतात. तिसरी वाट मात्र सरळ एकाच दिशेला जाते, आणि तिच्याविषयीं बोलतांना मला संकोच वाटतो. ही वाट पंचाच्या कानांतून जाते.

२००२ सालीं अ‍ॅलन नेव्हिल या इंग्रज संशोधकानें व त्याच्या दोन सहकाऱ्यांनीं एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस अनुभवी फुटबॉल-पंचांना एका सामन्यांतील ४७ प्रसंग पडद्यावर दाखविण्यांत आले व प्रत्येक प्रसंगीं चूक झाली कीं नाहीं हें विचारण्यांत आलें. कांहींना प्रेक्षकांच्या आवाजासह चित्र दाखविलें, कांहींना निःशब्द. ज्यांनीं आवाज ऐकला त्यांनीं यजमान संघाविरुद्ध सुमारें साडेपंधरा टक्के कमी चुका दिल्या. यांतील बारकावा ध्यानांत घेण्यासारखा आहे. आवाजामुळें त्यांनीं पाहुण्याला अधिक शिक्षा केली असें नाहीं. त्यांनीं यजमानाला शिक्षा करण्याचें टाळलें. शंका आली तेथें हात वर गेलाच नाहीं. स्पेनमधील सामन्यांच्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, यजमान एका गोलानें मागें असला म्हणजे पंच अखेरीस अधिक वेळ खेळवितात आणि तो पुढें असला म्हणजे लवकर शिट्टी वाजवितात. जर्मनींत असें आढळलें कीं, ज्या मैदानांत प्रेक्षक व खेळाडू यांच्यामध्यें धांवण्याच्या शर्यतीची पट्टी आहे, म्हणजे गर्दी कांहीं पावलें दूर बसते, तेथें हा पक्षपात कमी होतो. न्याय आणि अन्याय यांच्यामध्यें कधीं कधीं आठदहा वारांचेंच अंतर असतें, असें म्हणावयाचें! आणि २०२० मध्यें गर्दी नाहींशी झाली तेव्हां पाहुण्यांना दाखविल्या जाणाऱ्या पिंवळ्या पत्त्यांची संख्या स्पष्टपणें खालीं आली.

हें वाचलें तेव्हां मी पुस्तक मिटून कांहीं वेळ तसाच बसून राहिलों. याचें कारण सांगण्याचें मीं वर कबूल केलें आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वीं मी एका शाळेंत शिक्षक होतों. आंतरशालेय क्रिकेटचा एक सामना आमच्याच मैदानावर होता. ठरलेले पंच आले नाहींत. म्हणून एका टोकाला पाहुण्या शाळेचे एक मास्तर उभे राहिले व दुसऱ्या टोकाला मी. दिवस कलतां कलतां खेळ रंगला. पाहुण्यांची शेवटची जोडी, आणि जिंकण्यास हव्या होत्या चार धांवा. आमची सारी शाळा सीमारेषेवर जमली होती. वरच्या वर्गांतील मुलांनीं घरून थाळ्या आणल्या होत्या. माझ्या टोकाकडून आमच्या मुलानें चेंडू टाकला, तो फलंदाजाच्या पॅडवर लागला, आणि तीनशे कंठांतून एकच आरोळी उठली. माझें बोट वर गेलें.

तो मुलगा किरकोळ अंगाचा होता. त्याचे पॅड त्याला मोठे होत होते. त्यानें माझ्याकडे एकदांच पाहिलें. त्या पाहण्यांत राग नव्हता. मग बॅट काखेंत मारून तो तंबूकडे चालूं लागला, आणि आमचीं मुलें माझ्या अंगावरून मैदानांत धांवत गेलीं. दुसऱ्या टोकाच्या मास्तरांनीं माझ्याशीं हस्तांदोलन केलें व ते म्हणाले, “बराय गुरुजी, चांगला सामना झाला.”

त्या रात्रीं अंथरुणावर पडल्यापडल्या मी तो चेंडू आठवूं लागलों. टप्पा कोठें पडला होता? यष्टींच्या रेषेंत कीं बाहेर? उंची किती होती? मीं डोळे मिटून पुन्हां पुन्हां पाहण्याचा प्रयत्न केला. पण मला चेंडू दिसेना. मला आठवत होती ती फक्त आरोळी. जो निर्णय डोळ्यांनीं द्यावयाचा, त्याची डोळ्यांपाशीं कसलीच नोंद नव्हती. तो मुलगा खरोखर बाद असेलहि. पण तो बाद होता हें मीं पाहिलें नव्हतें; मीं तें ऐकलें होतें.

मी खोटें बोललों काय? नाहीं, खोटें बोलण्यास हेतु लागतो, आणि माझ्या मनांत तसा हेतु नव्हता. मी भ्यालों काय? तेंहि नाहीं, माझीच मुलें तीं, त्यांचें मला भय कसलें? झालें तें इतकेंच कीं, एका क्षणापुरती शंका आली आणि त्या शंकेची रिकामी जागा कानानें भरून काढली. प्लेटोनें आपल्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथांत सभा, न्यायालयें व नाट्यगृहें यांतील गर्दीचा असाच विचार केला आहे. लोक ओरडून स्तुति व निंदा करितात, भोंवतालचे खडक तो नाद दुप्पट करून परत देतात, आणि अशा लोंढ्यापुढें एकट्या माणसाचें शिक्षण टिकाव धरीत नाहीं, असें त्याचें म्हणणें. चोवीस शतकांपूर्वींचें हें निदान चाळीस इंग्रज पंचांना लागू पडलें, आणि एका मराठी मास्तरालाहि.

आतां खरा प्रश्न असा कीं, यांत दोष कोणाचा? माझा, हें उघडच आहे. पंचाची टोपी घातली म्हणजे कानांत बोळे घालण्याची जबाबदारीहि घेतलीच. पण तो सर्वस्वीं माझाच काय? सीमारेषेवरील कोणत्याहि एका मुलाला मीं विचारलें असतें, तर तो म्हणाला असता, “गुरुजी, मी एकटा गप्प बसलों असतों तरी तुमचें बोट वर गेलेंच असतें.” आणि हें खरें आहे! तीनशेंपैकीं एकेकाविषयीं हें खरें आहे. तीनशेंविषयीं मिळून मात्र खरें नाहीं. अकबर-बिरबलाच्या गोष्टींत हौद दुधानें भरावयाचा असतांना प्रत्येक नगरवासी ‘माझ्या एका तांब्यानें काय होणार’ असें म्हणून पाणी ओततो, आणि सकाळीं सारा हौद पाण्यानें भरलेला निघतो. गर्दींतील मनुष्य स्वतःला याच न्यायानें निर्दोष ठरवीत असतो. परंतु ऋण तीनशें जणांत विभागल्यानें प्रत्येकाचा हप्ता लहान होतो. तो नाहींसा होत नाहीं. आणि गंमत अशी कीं, विजयाचा वांटा मागतांना कोणीहि त्याला तीनशेंनीं भागीत नाहीं. तो प्रत्येकाला पुरता हवा असतो.

यावर कोणी म्हणेल कीं, हा रोग आतां बरा झाला आहे. पंच परदेशचे आणि डोळे यंत्राचे. उपाय झाले हें खरें, आणि त्यांत आपल्या लोकांचाहि हात आहे. १९८६ सालीं पाकिस्तान व वेस्ट इंडीज यांच्यामधील लाहोरच्या कसोटींत इम्रान खानच्या आग्रहानें मुंबईचे पिलू रिपोर्टर व त्यांच्या जोडीला व्ही. के. रामस्वामी असे दोन भारतीय पंच उभे राहिले. यजमानानें आपण होऊन तटस्थ पंच बोलवावा, यांत मोठेपणा होता. १९९४ पासून कसोटींत एक पंच तिऱ्हाईत देशाचा असावा आणि २००२ पासून दोन्ही असावेत, असा दंडक झाला. पण तिऱ्हाईताचे कान कांहीं बहिरे नसतात. वर सांगितलेल्या प्रयोगांतील चाळीसहि पंच तिऱ्हाईतच होते. यंत्रानें पुष्कळ चुका टळतात, हें मी आनंदानें मान्य करितों. मात्र चोराला कुलूप उघडतां आलें नाहीं, एवढ्यावरून तो साव ठरत नाहीं. कुलपाची आवश्यकता आपल्यामुळें पडली, ही जाणीव प्रेक्षकाला असली पाहिजे.

मग प्रेक्षकानें मौन धरावें काय? सिसेरोनें पायथागोरसची एक गोष्ट सांगितली आहे. क्रीडामहोत्सवाला तीन प्रकारचे लोक येतात: कोणी कीर्तीसाठीं खेळावयास, कोणी नफ्यासाठीं विकावयास, आणि कोणी केवळ पाहावयास, यांत निव्वळ पाहणारे श्रेष्ठ, आणि तत्त्वज्ञ हा त्यांच्यासारखा. आपल्याकडेहि साक्षीभावाचें माहात्म्य थोर आहे. पण दहा हजार साक्षी एका मैदानाभोंवतीं बसवा, आणि काय होईल तें २०२० सालीं आपण पाहिलें आहे. त्या रिकाम्या मैदानांची स्मशानकळा खुद्द दूरचित्रवाणीवाल्यांनाहि सोसवेना. त्यांनीं जुन्या गर्दीचे ध्वनिमुद्रित आवाज त्यावर पांघरले. आपलेपणावांचून खेळ म्हणजे नुसती कवाईत. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचें तें कार्टें’ ही म्हण आपण निंदेनें उच्चारतों; पण ज्या घरांत आपल्या बाब्याविषयीं विशेष माया नाहीं, तें घरच नव्हे. आपल्या संघावर प्रेम करणें हें पाप नाहीं. प्रेम जात्याच पक्षपाती आहे.

मला भेद दिसतो तो येथें. मुलगा परीक्षेला निघाला म्हणजे आई त्याच्या हातावर दहीसाखर ठेवते, हें प्रेम. तीच आई परीक्षकाच्या घराखालीं जाऊन उभी राहिली, तर त्याला आपण प्रेम म्हणूं काय? प्रेक्षकाच्या एकाच श्वासांत हीं दोन्हीं कृत्यें मिसळलेलीं असतात. म्हणूनच त्याला तीं वेगळीं दिसत नाहींत. पण वेगळीं करतां येतात. गोलंदाज धांवूं लागला, फलंदाजानें बॅट उगारली, चेंडू सुटला, येथवरचा आवाज खेळाडूचा आहे. तो त्याला हवा तेवढा द्यावा. चेंडू थांबला आणि पंचाकडे पाहण्याचा क्षण आला म्हणजे ती वेळ आपली नव्हे. निर्णय झाल्यावर पुन्हां थाळ्या वाजवाव्यात, नाहीं तर कपाळाला हात लावावा. मधले ते दोनचार क्षण सोडून देणें एवढाच काय तो त्याग. तो फार मोठा आहे असें वाटत नाहीं; पण करून पाहावा म्हणजे किती कठीण आहे तें कळतें.

पाहुण्याचेंहि आपण कांहीं देणें लागतों. ३१ जानेवारी १९९९ रोजीं चेन्नईच्या चेपॉक मैदानावर भारत पाकिस्तानकडून अवघ्या १२ धांवांनीं हरला. पाठदुखीनें विव्हळत सचिन तेंडुलकरनें १३६ धांवा काढल्या होत्या, विजय हातातोंडाशीं आला होता, आणि तो बाद होतांच सारें कोसळलें. मैदान क्षणभर सुन्न झालें. मग पाकिस्तानी संघ मैदानाला फेरी घालूं लागला, तेव्हां ते प्रेक्षक उठून उभे राहिले आणि त्यांनीं टाळ्या वाजविल्या. पुढच्याच महिन्यांत कलकत्त्याला ईडन गार्डनवर याच दोन संघांचा सामना झाला. तेंडुलकर शोएब अख्तरवर आदळला व धांवचीत ठरला, गर्दी खवळली, खुद्द तेंडुलकरनें फेरी मारून तिला शांत केलें. अखेरच्या दिवशीं पुन्हां दंगा झाला, पोलिसांनीं सज्जे मोकळे केले, आणि पाकिस्ताननें तो सामना ४६ धांवांनीं जिंकला तो रिकाम्या बांकांसमोर. दोन्ही ठिकाणीं प्रेम तेंच होतें, दुःख तेंच होतें. चेन्नईच्या लोकांचें प्रेम कमी होतें असें कोणीहि म्हणणार नाहीं. त्यांनीं फक्त तें आपल्यापाशीं ठेवलें. पाहुण्याकडून त्याची किंमत वसूल केली नाहीं.

आणि शेवटचें देणें आपल्याच माणसांचें. तेंच आपण सर्वांत अधिक बुडवितों. माराकानाच्या त्या सामन्यांत ब्राझीलचा गोलरक्षक बार्बोसा होता. गिजियाचा चेंडू त्याच्या व खांबाच्या मधून गेला, आणि दोन लाखांचा पराभव एकट्या बार्बोसाच्या नांवावर लिहिला गेला. तो २००० सालीं वारला. मरणापूर्वीं तो म्हणत असे कीं, ब्राझीलच्या कायद्यांत मोठ्यांत मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे. मी मात्र पन्नास वर्षें भोगीत आहें. आपल्याकडे हें होत नाहीं असें समजण्याचें कारण नाहीं. २०१३ सालीं तेंडुलकरला साश्रु निरोप देणाऱ्या वानखेडे मैदानावरच २००६ सालीं, इंग्लंडविरुद्ध तो एक धांव काढून परतला तेव्हां, कांहीं प्रेक्षकांनीं त्याची हुर्यो उडविली होती. अहमदाबादलाहि विजेत्यांना चषक दिला गेला तेव्हां बहुतेक खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. ज्यांच्या आवाजानें पाय जड झाले, ते पाय लटपटल्याबरोबर आवाजाचे मालक निघून जातात. विजयांत भागीदार आणि तोट्यांत तिऱ्हाईत, अशा माणसाला व्यापारांत आपण काय म्हणतों तें सांगावयास नकोच.

तेव्हां प्रेक्षकाचा विजयांत वांटा असतो काय, या मूळ प्रश्नाला माझें उत्तर असें आहे: असतो, पण त्यांतला जो अंश पंचाच्या कानांतून आलेला असतो, तो आपला नव्हे, तो कोणा तरी किरकोळ अंगाच्या मुलाचा असतो. उरलेला वांटा घेण्याचा हक्क त्यालाच, जो पराभवाचाहि वांटा उचलतो.

त्या दिवसानंतर मीं आमच्या मैदानावर पंचाचें काम पुन्हां केलें नाहीं. मुख्याध्यापकांनीं दोनदां विचारलें. मीं डोळ्यांची सबब सांगितली. ती खरी सबब नव्हती, आणि तो शहाणपणाहि नव्हता. खरें म्हणजे मीं कानांवर ताबा ठेवून पुन्हां उभें राहावयास हवें होतें. आतां मी प्रेक्षकांतच बसतों आणि ओरडतोंहि. मात्र चेंडू पॅडवर लागला आणि भोंवतालचे सारे उठले म्हणजे माझा घसा आपोआप आवळतो. माझ्या शेजारीं बसणारा माझा नातू मला विचारतो, “आजोबा, तुम्ही अपील कां नाहीं करत? तुम्हांला आपण जिंकायला नको का?” त्याला मीं अजून कांहीं सांगितलेलें नाहीं. गेल्या खेपेस आमचा संघ हरला, आणि परततांना तो पाय ओढीत म्हणाला, “ते हरले.” मीं त्याचा हात धरला व म्हटलें, “बाळ, आपण हरलों.” तो कांहीं बोलला नाहीं, पण घर येईपर्यंत त्यानें माझा हात सोडला नाहीं.